मे महिना, ५८००एक्स प्रोसेसर आणि ९० डिग्री: लिक्विड कूलर घेऊ की सेटिंग बदलू?

वरचा_मजला | ११ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जाणकारांनी प्रकाश टाकावा म्हणून धागा काढतोय.

पीसी असा: रायझन ७ ५८००एक्स, बी५५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, डीपकूल एके४०० कूलर. केस पुढून अख्खी काचेची. पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर. काम म्हणजे ब्लेंडर (थ्रीडी रेंडर) आणि लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, रात्री जमलं तर गेम. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पीबीओ, म्हणजे प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळवायची एएमडीची सोय, चालू; लिमिट 'मदरबोर्ड'वर, बूस्ट ओव्हरराइड +२०० मेगाहर्ट्झ.

डिसेंबरात काही तक्रार नव्हती. आता अकोल्यात मे चालू आहे. बाहेर ४४, आणि स्लॅबखालच्या माझ्या खोलीत रात्रीसुद्धा ३८. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरची वेग-चाचणी) मल्टीकोर लावलं की अर्ध्या मिनिटात ९० ला टेकतं आणि तिथेच चिकटून राहतं. क्लॉक, म्हणजे वेग, ४.६ गीगाहर्ट्झवरून ४.४ च्या खाली येतो. रेंडर लावलं की तासन्‌तास हेच.

३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर घ्यावा असं मनात आहे, दहा हजारांपर्यंत ताणता येईल. की प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलून भागेल? आणि रोज ९० वर चालली तर चिप उडेल का?

नुसता_पंखा | ११ मे, रात्री १०:५८

घ्या लिक्विड, विषय संपला. माझ्याकडे २४० आहे, कितीही लोड दिला तरी ७० च्या वर जात नाही.

जुनी_चिप | ११ मे, रात्री ११:१५

@नुसता_पंखा, प्रोसेसर कुठला आणि गाव कुठलं?

नुसता_पंखा | ११ मे, रात्री ११:१९

५६००एक्स. नाशिक. का?

जुनी_चिप | १२ मे, रात्री १२:०५

कारण उत्तर त्यातच आहे. ५६००एक्सची पीपीटी, म्हणजे सॉकेटमधून ओढायच्या वीजेची मर्यादा, ७६ वॅट आहे. ५८००एक्सची १४२. जवळपास दुप्पट. आणि दोघांतही कोअरचं सिलिकॉन एकाच तुकड्यावर, साधारण ८० चौरस मिलिमीटरच्या. बोटाच्या नखाएवढ्या जागेतून शंभरावर वॅट उष्णता बाहेर काढायची आहे. एके४०० च्या डब्यावर २२० वॅट छापलेलं असतं, पण तो आकडा या चिपला लावता येत नाही. उष्णता फिनपर्यंत (कूलरच्या पातळ पत्र्यांपर्यंत) पोचल्यावर कूलर ती सहज उडवून देईल. अडतंय ते सिलिकॉनपासून वरच्या धातूच्या झाकणापर्यंतच्या वाटेवर. हौद कितीही मोठा बांधा, विहिरीतून पाणी काढायचा पोहरा तेवढाच राहतो. म्हणून ५८००एक्सवर ३६० लावूनही लोकांना अपेक्षेइतका फरक दिसत नाही. फरक पडतो, नाही असं नाही. दहा हजारांचा पडत नाही.

आता @वरचा_मजला, तुमचे प्रश्न उलट्या क्रमाने घेतो.

चिप उडेल का? नाही. ५८००एक्ससाठी एएमडीने ठरवलेली कमाल मर्यादा ९० आहे. तिथे पोचली की बूस्ट आपोआप मागे सरकतं. तुम्हाला क्लॉक घसरताना दिसतोय तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. रायझन ७००० मालिकेत तर ही मर्यादा ९५ केली आणि भरपूर लोड आला की ९५ वर जाऊन राहणं अपेक्षितच आहे, असं एएमडीने उघड सांगितलं. तरीही ३८ च्या खोलीत रोज तासन्‌तास लिमिटवर रगडणं मला आवडणार नाही. पंखा बोंबलतो, व्हीआरएम (बोर्डावरचे प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) तापतात, आणि एवढं करून वेगही मिळत नाही.

पेस्ट: कधी लावली होती?

लिक्विड: एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. हवेचा असो की पाण्याचा, कुठलाच कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती डिग्री, एवढंच त्याच्या हातात असतं. २२ च्या खोलीत एखादा सेटअप ७५ दाखवत असेल तर तोच ४० च्या खोलीत ९३ मागणार, आणि सिलिकॉन जसं तापतं तशी गळतीची वीजही वाढते, म्हणजे थोडं जास्तच. यूट्यूबवरचे रिव्ह्यू वीस-बावीस डिग्रीच्या एसी खोलीत होतात. ते आकडे अकोल्याला मे महिन्यात आणू नका.

उद्या एवढं करा. एचडब्ल्यूइन्फो६४ मध्ये सेन्सर उघडून सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि हे लिहून घ्या: सीपीयू टीसीटीएल/टीडाय (चिपचं तापमान), सीपीयू पीपीटी किती वॅट, आणि 'इफेक्टिव्ह क्लॉक' (प्रत्यक्षात मिळालेला सरासरी वेग). नुसता क्लॉक नको. तो बरेचदा फुशारकी मारतो. मग केसची बाजूची काच काढून तीच चाचणी पुन्हा. खोलीचं तापमान मोबाइलवरचं नको, केसच्या पुढच्या पंख्यापाशी थर्मामीटर ठेवून घ्या.

कोकणी_व्होल्ट | १२ मे, सकाळी ८:३०

वाचतोय. वाचनखूण साठवली.

वरचा_मजला | १२ मे, रात्री ९:१०

जुनी_चिप, आभार. आकडे घ्या. पुढच्या पंख्यापाशी ३९.

काच लावून: ९० डिग्री, १२८ वॅट, इफेक्टिव्ह क्लॉक ४.३८ च्या आसपास.
काच काढून: ९० डिग्री, १३९ वॅट, ४.४५ च्या आसपास.

म्हणजे काच काढूनही तापमान तेच. केसचा दोष नाही असं समजू ना? पेस्ट पीसी जोडला तेव्हाची, दोन वर्षं झाली असतील.

जुनी_चिप | १२ मे, रात्री ९:४०

उलट. दोष केसचाच निघाला की!

चिप लिमिटला चिकटलेली असताना तापमान बघून काही कळत नाही. ते ९० च राहणार, कारण बूस्ट त्या आकड्यापर्यंत वीज ओढतच राहतं. अशा वेळी वॅट बघायचे. ९० डिग्रीवर कूलर किती वॅट वाहून नेतोय? काच बंद असताना १२८, उघडी असताना १३९. नुसती काच काढल्यावर ११ वॅट जास्त निघाले. तुमच्या केसला पुढून श्वासच घेता येत नाहीये.

सौ_टेराबाईट | १२ मे, रात्री १०:२५

यात मी थोडी भर घालते. आमच्याकडे पीसी जोडून देण्याचं काम आहे, आणि या पुढून काचेच्या केस आल्यापासून उन्हाळ्यात फोन वाढले आहेत. पुढच्या काचेच्या आणि पंख्यांच्या मध्ये जेमतेम बोटभर फट असते, तीही बाजूने. दिवे छान दिसतात, हवा कुठून येणार? पुढची काच बहुतेक केसमध्ये खालून ओढली की क्लिपातून निघते. ती काढून एकदा चालवून बघा. फरक पटला तर जाळीवाली केस घ्या. लिक्विड कूलरच्या निम्म्याहून कमी पैशांत होईल आणि ग्राफिक्स कार्डालाही त्याचा फायदा.

धुळीची जाळी शेवटची कधी धुतली? आपल्याकडे मार्च ते जून ती दर पंधरवड्याला धुवावी लागते. पाण्याखाली धरा आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका.

पेस्ट बदलणार असाल तर एक इशारा, हा फार महत्त्वाचा. एएम४ ला (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. जुनी पेस्ट सुकून चिकटलेली असली की कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही लॉक असूनसुद्धा सॉकेटमधून उपटून येतो, आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं लोड देऊन चिप गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत फिरवत सोडवा. तो आपोआप सुटू द्यायचा. ओढायचा नाही.

नवी पेस्ट एमएक्स-४, एमएक्स-६, एनटी-एच१, हाताला लागेल ती चालेल. त्यांच्यातला फरक दोन-तीन डिग्रीचा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते केमिस्टकडे मिळतं. मधोमध वाटाण्याएवढा थेंब, किंवा क्रॉस. कमी पडण्यापेक्षा किंचित जास्त झालेली बरी, ही वीज वाहून नेणारी पेस्ट नाही. 'लिक्विड मेटल' नावाच्या प्रकरणाला मात्र हात लावू नका. ते वीज वाहतं, आणि ॲल्युमिनियम खातं.

वऱ्हाडी_ठसका | १२ मे, रात्री ११:०२

काहून एवढं डोक्स खाता राजेहो? डेझर्ट कूलरसमोर ठेवून द्या पीसी. खोली २८ वर येते बाप्पा. आम्ही अमरावतीत तसंच करतो.

पाणीपुरवठा | १२ मे, रात्री ११:१०

आणि आत दव धरलं तर?

जुनी_चिप | १२ मे, रात्री ११:३२

दव धरत नाही. दव हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर धरतं, आणि चालू पीसीतली प्रत्येक वस्तू खोलीपेक्षा गरमच असते. वऱ्हाडी_ठसका यांचा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. मे महिन्याच्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर खोली दहा-बारा डिग्री सहज खाली आणतो, आणि खोलीत उतरलेली प्रत्येक डिग्री चिपमध्येही जवळपास तेवढीच उतरते. एवढा फायदा कुठलाच सीपीयू कूलर देणार नाही. (जुलैत हवा दमट झाली की हा उपाय संपला, पण तोवर उकाडाही कमी झालेला असतो.)

एकच अट: झोत थेट पीसीवर नको. झोताबरोबर बारीक तुषार येतात आणि आपलं बोअरचं पाणी खारं. ते वाळलं की पांढरा थर उरतो. पीसी झोताच्या बाजूला, सहा-सात फूट लांब. आणि समोरची खिडकी उघडी, नाहीतर खोली नुसती ओली होईल.

डब्लिनकर | १३ मे, पहाटे ३:४५

इकडून एक उलटा अनुभव. आयर्लंडमध्ये माझ्या खोलीत आत्ता १८ आहे आणि माझा इंटेलचा आय७-१४७००के तरी ९८ ला जातो. ३६० लिक्विड आहे. तेव्हा सगळं खापर उन्हावर फोडू नका.

अर्धा_व्होल्ट | १३ मे, सकाळी ७:२०

डब्लिनकर, तुमच्या बायोसमध्ये पॉवर लिमिट काय आहे ते बघा. ४०९५ किंवा ४०९६ वॅट दिसत असेल तर त्याचा अर्थ 'लिमिट नाही'. बरेच बोर्ड कारखान्यातूनच तसे येत होते. इंटेलचा या चिपसाठीचा कमाल टर्बो आकडा २५३ आहे. पीएल१ आणि पीएल२ (दीर्घ आणि अल्प वेळेच्या वीज-मर्यादा) दोन्ही २५३ ला बांधा, किंवा २०० करून बघा, स्कोअर किती कमी पडतो ते स्वतःच बघून चकित व्हाल.

दुसरं, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीवाल्यांनी बायोस अद्ययावत ठेवणं हे तापमानापेक्षाही निकडीचं आहे. त्या चिपा चुकीने जास्त व्होल्टेज मागत होत्या आणि त्यामुळे झिजत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (बायोसमधून चिपला मिळणाऱ्या दुरुस्तीने) मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, सप्टेंबरात ०एक्स१२बी आला. इंटेलने या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलीही. पण झालेली झीज बायोसने भरून निघत नाही. गेम विनाकारण बंद पडत असतील तर क्लेम करा, तापमानाच्या मागे लागू नका.

तिसरं, एलजीए१७०० (या चिपांचं सॉकेट) चं मूळ क्लॅम्प चिपला मधोमध दाबतं आणि ती किंचित वाकते, त्यामुळे कूलर सपाट बसत नाही. त्यासाठी कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते. स्वस्त आहे, काही डिग्री मिळतात. बसवताना स्क्रू प्रमाणाबाहेर आवळले तर रॅम दिसेनाशी होते, तेवढं जपा.

डब्लिनकर | १३ मे, दुपारी १:३०

४०९५ च निघालं! २५३ केलं, कमाल ८९. बायोसही जुना होता, टाकला. आता धागा त्यांना परत देतो.

सॉकेट_सात | १३ मे, दुपारी ४:१५

मला एक कळत नाही, आजच्या काळात ओव्हरक्लॉकिंग करायचंच कशाला? १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए आठवतोय कोणाला? बस (प्रोसेसरचा पायाभूत क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा ४५०. दीडपट! तेही जवळपास तेवढ्याच व्होल्टेजवर, साध्या पंख्यावर. लॅमिंग्टन रोडवर लोक आवर्जून तोच मागायचे. नंतर एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्डच्या पाठीवरचे पूल पेन्सिलीने जोडून मल्टिप्लायर (बसच्या किती पट पळायचं तो आकडा) उघडायचो. शिसपेन्सिल, साधी, शाळेतली. तेव्हा ओव्हरक्लॉकिंग म्हणजे पैसे वाचवणं होतं. आता चार टक्क्यांसाठी दहा हजारांचा रेडिएटर!

जुनी_चिप | १३ मे, रात्री ८:५०

सॉकेट_सात, मुद्दा बरोबर आहे. तेव्हा कारखाना चिपमध्ये शिल्लक ठेवायचा आणि आपण ती काढायचो. आता बूस्ट ती शिल्लक स्वतःच खातं. वर ढकलायला फार काही उरलेलं नाही. खाली खेचायला मात्र अजून पुष्कळ आहे, आणि आज खरी गंमत तिथेच आहे.

साधं गणित. चिपची उष्णता क्लॉकच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा ४.६ गीगाहर्ट्झ १.२५ व्होल्टवर चालतंय आणि ४.८ साठी १.३५ लागतात. वेग वाढला जेमतेम ४ टक्के, उष्णता वाढली २१-२२ टक्के. शेवटचे दोनशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात. उलट बाजूने वाचा: ते दोनशे सोडून दिले की जवळपास पाचवा हिस्सा उष्णता गायब.

म्हणून @वरचा_मजला, माझा सल्ला असा, आणि यात एक रुपया खर्च नाही.

बायोसमध्ये पीबीओ 'ॲडव्हान्स्ड'. लिमिट 'मदरबोर्ड'वरून काढून 'मॅन्युअल' करा. पीपीटी ११५. टीडीसी आणि ईडीसी (विद्युतप्रवाहाच्या मर्यादा, अँपिअरमध्ये) कारखान्याचेच, ९५ आणि १४०. बूस्ट ओव्हरराइड शून्य. ते +२०० तुमच्या रेंडरला काही देत नाही, कारण सगळे कोअर लागलेले असताना तुम्ही तिथपर्यंत पोचतच नाही. 'प्लॅटफॉर्म थर्मल थ्रॉटल लिमिट' ८५ ठेवा. लोड लाइन कॅलिब्रेशन 'ऑटो'. ते चढवून ठेवलं असेल तर लोडखाली जेवढं व्होल्टेज उतरायला हवं तेवढं उतरत नाही, आणि फुकटची उष्णता तयार होते.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय. सगळे कोअर, 'निगेटिव्ह', १५ पासून सुरुवात. एक घर म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. कमाल ३० पर्यंत जाता येतं, पण सगळ्या कोअरना ते झेपत नाही. सर्वांत चांगले दोन कोअर (रायझन मास्टरमध्ये त्यांच्यावर तारा असतो) सहसा सगळ्यात कमी सहन करतात, कारण त्यांना आधीच कमी व्होल्टेजवर पळवलेलं असतं. त्यांना वेगळं, १० च्या आसपास ठेवा.

इथे एक गफलत बहुतेकांची होते. नुसता कर्व्ह लावला तर तापमान उतरत नाही. व्होल्टेज वाचलं की बूस्ट ते वाचलेलं लगेच क्लॉकमध्ये घालतं आणि पुन्हा ९० वर जाऊन बसतं. स्कोअर वाढतो, उकाडा तसाच. पीपीटीची दोरी आवळली तरच तापमान उतरतं. दोन्ही एकत्र करायचं: दोरीने उष्णता कमी होते, कर्व्हने गेलेला वेग परत येतो.

नुसता_पंखा | १३ मे, रात्री ९:०५

मी माझा 'विषय संपला' मागे घेतो. ५६००एक्सवर कर्व्ह लावून बघतो. 😄

अर्धा_व्होल्ट | १३ मे, रात्री ९:३०

जुनी_चिप यांना +१. फक्त एक पुरवणी. पीपीटीचा आकडा बोर्ड सांगतो त्यावर चालतो, आणि काही एएम४ बोर्ड चिपला विजेची मोजणी मुद्दाम कमी सांगतात, म्हणजे ती जास्त बूस्ट करते आणि बोर्ड रिव्ह्यूत पुढे येतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन' नावाची ओळ आहे. पीबीओ बंद, सगळं कारखान्याच्या सेटिंगवर, आणि सिनेबेंच मल्टीकोर पूर्ण लोडवर असतानाच ती बघायची. १०० टक्क्यांच्या आसपास असेल तर बोर्ड खरं बोलतोय. ८० दाखवत असेल तर तुमचे ११५ वॅट प्रत्यक्षात १४० च्या पुढे आहेत. रिकाम्या पीसीवर त्या आकड्याला अर्थ नाही, तो बघून घाबरू नका.

वरचा_मजला | १५ मे, रात्री ११:२०

मंडळी, अहवाल.

अर्धा_व्होल्ट, डेव्हिएशन ९७ आलं, बोर्ड सज्जन आहे. पुढची काच काढून ठेवली आहे, जाळी धुतली (काय निघालं ते सांगत नाही). पेस्ट अजून बदललेली नाही.

पीपीटी ११५, कर्व्ह −१५, सिनेबेंच दहा मिनिटं, खोली ३८: कमाल ८१. इफेक्टिव्ह क्लॉक ४.४ च्या किंचित वर. म्हणजे आधी ९० वर जो मिळत होता त्याहून थोडा जास्तच! पंख्याचा आवाज निम्मा झालाय असं घरातले म्हणतात.

मग लोभ सुटला, सगळे −२५ केले. सिनेबेंच व्यवस्थित, ब्लेंडर व्यवस्थित, तासभर रेंडर व्यवस्थित. आणि रात्री पीसी नुसता चालू ठेवून जेवायला गेलो तर येऊन बघतो तो आपोआप रिस्टार्ट झालेला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर (विंडोजची हार्डवेअरच्या चुकांची नोंद), १८ नंबर, कॅश हायरार्की एरर. एवढा लोड झेलला आणि रिकामा असताना कसा पडला?

जुनी_चिप | १६ मे, सकाळी ७:४५

कर्व्हची हीच खोड आहे. सगळे कोअर कामाला लागलेले असताना क्लॉक ४.४ वर असतो, तिथे व्होल्टेजला जागा असते. पीसी रिकामा असताना मध्येच एखादं छोटं काम येतं, एकच कोअर क्षणभर ४.८ ला उडी मारतो, आणि तिथे तुमचे कापलेले शंभर मिलिव्होल्ट कमी पडतात. म्हणून सिनेबेंच किंवा प्राइम९५ (फार जड लोड देणारी चाचणी) सगळ्या कोअरवर पास झालं म्हणजे कर्व्ह पास झाला असं नसतं.

कोअरसायकलर नावाची फुकट स्क्रिप्ट आहे. ती एकेका कोअरला वेगळं गाठून प्राइम९५ चालवते आणि कुठला पडला ते नावानिशी सांगते. रात्रभर लावा. पडलेल्या कोअरचा आकडा पाचने कमी करा, पुन्हा लावा. तुमच्या त्या एररमध्ये 'एपीआयसी आयडी' पण असेल. ५८००एक्सला एका कोअरचे दोन थ्रेड, म्हणून त्या आकड्याला दोनने भागलं की कोअर सापडतो.

प्राइम९५ 'स्मॉल एफएफटी' सगळ्या कोअरवर लावून तापमान मोजायच्या फंदात पडू नका. ते ब्लेंडरपेक्षा कितीतरी जड आहे. तुमचं काम ब्लेंडरचं, तापमानही ब्लेंडरचंच मोजा.

मांडवीकाठ | १६ मे, सकाळी १०:१०

पणजीहून एक शंका. आमच्याकडे ३३-३४ च्या वर जात नाही, पण हवा खारी आणि दमट. कूलरच्या फिनवर पांढरे डाग दिसतात. याने तापमान वाढतं का?

सौ_टेराबाईट | १६ मे, सकाळी ११:००

डागांनी नाही, डागांवर बसणाऱ्या ओल्या धुळीने वाढतं. ती पंख्याने उडत नाही, थर होऊन बसते. ब्लोअरआधी मऊ ब्रशने सोडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका. आणि किनाऱ्यावर पीसी दिवसेंदिवस बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू केलेला बरा, ओल राहत नाही.

गेमर_बंड्या | १६ मे, दुपारी २:२५

माझा लॅपटॉप ९७ ला जातो, काय करू?

वऱ्हाडी_ठसका | १६ मे, दुपारी २:३१

वेगळा धागा काढ ना भाऊ.

वरचा_मजला | १८ मे, रात्री १०:१५

कोअरसायकलरने दोन कोअर पकडले, त्यातला एक तारावालाच. ते दोन −१० वर, बाकी −२०. त्यानंतर रिस्टार्ट नाही, डब्ल्यूएचईए नाही. डेझर्ट कूलरही लांबून लावून बघितला: खोली २९, सिनेबेंचला ७२. वऱ्हाडी_ठसका, तुम्हाला आमच्याकडचं मांडे-पुरणाचं आमंत्रण.

आता दोन किरकोळ प्रश्न. एक, पीसी नुसता पडलेला असताना तापमान ४८ वरून ६२, पुन्हा ५०, असं नाचतं आणि पंखाही त्याच्याबरोबर वर-खाली गुरगुरतो. दोन, रेंडरपुरतं सगळे कोअर ४.४ वर फिक्स केले, कमी व्होल्टेजवर, तर?

अर्धा_व्होल्ट | १८ मे, रात्री १०:५०

एक: हे नाचणं या चिपचा स्वभाव आहे, क्षणिक उडीत दहा-पंधरा डिग्री सहज दिसतात. बायोसच्या फॅन सेटिंगमध्ये 'स्टेप अप' किंवा 'स्मूदिंग' अशा नावाची वेळ असते, ती चार-पाच सेकंद करा. आणि ६५ पर्यंत पंखा सपाट ठेवा, एकाच वेगाला, मग ८० पर्यंत चढवा. केसचे पंखे सीपीयूच्या तापमानाला बांधूच नका, मदरबोर्डच्या सेन्सरला बांधा.

दोन: होईल. ५८००एक्स ४.४ ला चांगल्या कमी व्होल्टेजवर चालतो आणि रेंडरमध्ये तोच स्कोअर देतो. पण फिक्स केलं की बूस्ट बंद, म्हणजे एडिटिंगमध्ये टाइमलाइन ओढताना एका कोअरला मिळणारे ४.८ गेले. शिवाय मॅन्युअल मोडमध्ये पीपीटीची दोरी सुटते. जड काम आलं तर चिप हवी तेवढी वीज ओढते. ४५ डिग्रीच्या गावात कोणी घरी नसताना रात्रभर रेंडर लावायचं असेल तर मी दोरी सोडणार नाही.

जुनी_चिप | १८ मे, रात्री ११:१५

सहमत. त्यापेक्षा बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवा. उन्हाळ्याचं पीपीटी ११५, आणि ऑक्टोबरनंतरचं १४२, कर्व्ह दोन्हीत तोच. लक्षात ठेवा, कर्व्ह थंडीत एकदा पुन्हा तपासावा लागतो. थंड चिप जास्त वर बूस्ट करते, त्यामुळे मे महिन्यात पास झालेला कोअर जानेवारीत पडू शकतो. आणि बायोस अद्ययावत केला की प्रोफाइल बहुधा पुसली जातात, आकडे वहीत लिहून ठेवा.

वरचा_मजला | १९ मे, सकाळी ९:०५

प्रोफाइल साठवली, वहीतही लिहिलं. लिक्विडचा विचार रद्द. जाळीवाली केस बघतोय, नागपुरात सीताबर्डीला एक दुकानदार देतो म्हणाला. कूलर हाच ठेवायचाय, तर केस घेताना काय बघू?

सौ_टेराबाईट | १९ मे, सकाळी ९:४०

एके४०० ची उंची १५५ मिमी आहे. केसच्या माहितीत 'सीपीयू कूलर हाइट' १६० किंवा जास्त लिहिलेली हवी. ग्राफिक्स कार्डची लांबी मोजून न्या. पुढे १४० चे दोन पंखे बसतात का ते विचारा, आणि पुढची जाळी हाताने निघते का ते दुकानातच काढून बघा. स्क्रूची असेल तर ती कोणी धूत नाही. पेस्ट त्याच दिवशी बदला, कूलर तसाही काढावा लागणार आहे. आणि फिरवत सोडवा, ओढू नका!